जुन्या सिनेमातली 'मॉडर्न' गाणी: चाल टिकते आणि ठेका शिळा होतो?

तबकडी:

हिंदी सिनेमाच्या प्रत्येक दशकात एक 'मॉडर्न' गाणं असतंच. परदेशात जे गाजतंय ते थोड्या उशिराने आपल्या पडद्यावर येतं. चाळीस-पन्नासच्या दशकांत स्विंग आणि लॅटिन ठेके आले, साठीत ट्विस्ट आणि रॉक अँड रोल, ऐंशीत डिस्को, नव्वदीत रॅप. ही गाणी त्या त्या वेळी सगळ्यात ताजी म्हणून विकली गेली. म्हणजे सगळ्यात आधी जुनी व्हायला हवीत तीच. पण त्यातली काही झाली आणि काही नाही झाली, आणि याचा वर्षांशी काहीही संबंध दिसत नाही.

सी. रामचंद्रांचं 'अलबेला' 1951 चं. 'शोला जो भड़के' आज लावा. बोंगो, क्लॅरिनेट, ट्रंपेट, सगळं त्या काळच्या क्लबांतून उचललेलं, पण ऐकताना आपण सालाचा विचार करत नाही, पाय हलवतो. आता त्यानंतर पस्तीस-चाळीस वर्षांनी आलेलं, कॅसिओवर बेतलेलं कुठलंही गाणं लावा. पहिल्या दहा सेकंदांत साल कळतं, आणि मग गाणं ऐकण्याऐवजी आपण ते सालच ऐकत बसतो.

माझं मत असं की चाल म्हातारी होत नाही, आवाजही होत नाही, परदेशीपणा तर अजिबात होत नाही. म्हातारा होतो तो खोक्यातून निघालेला तयार आवाज. यामाहाचा डीएक्स 7 हा सिंथेसायझर 1983 मध्ये आला. त्यात कारखान्यातूनच भरून आलेला एक इलेक्ट्रिक पियानो होता. तो लॉस एंजेलिसमध्ये वाजला, लंडनमध्ये वाजला आणि ताडदेवलाही वाजला. 1985 मध्ये रोलंडचा ऑक्टोपॅड हा इलेक्ट्रॉनिक ड्रम आला, तोही तसाच. त्याआधी प्रत्येक आवाज कुणीतरी ठरवून काढायचं. पंचमने (आर. डी. बर्मन) 'पडोसन'मध्ये कंगवा घासला, 'चुरा लिया है'साठी ग्लासवर चमचा वाजवला. तो आवाज दुसऱ्या कुणाच्या गाण्यात नव्हता, त्यामुळे त्याच्यावर साल चिकटलं नाही.

आणि पुरावा म्हणाल तर 'झंकार'. ऐंशीच्या शेवटी आणि नव्वदीत कॅसेट कंपन्यांनी जुनी गाणी इलेक्ट्रॉनिक ड्रमचा थर चढवून पुन्हा विकली. गाणं तेच, गळा तोच, फरक फक्त वरच्या ठेक्याचा. आता तीस वर्षांनी मूळ गाणं आणि त्याचं झंकार लागोपाठ ऐका आणि कुठलं म्हातारं झालंय ते सांगा.

मतभेद असणारच. मांडा.

नव्वदीचा:

तबकडीताई, मतभेद आहे आणि चांगला मोठा आहे.

गाण्यावरून साल कळणं हा दोष कधीपासून झाला? तुमच्या 'अलबेला'चंही साल कळतंच की, फक्त तुम्हाला त्या सालाबद्दल प्रेम आहे. मी वाढलो ऑक्टोपॅडवर. गल्लीतल्या ऑर्केस्ट्रात, लग्नात, दहीहंडीला तोच आवाज होता. मला तो 'खोक्यातून निघालेला' वाटत नाही, घरचा वाटतो. तुम्हाला ट्रंपेट घरचा वाटतो इतकंच.

झंकारबद्दल तर पूर्ण गैरसमज आहे. ती कॅसेट दिवाणखान्यात पाय पसरून ऐकायला नव्हतीच. रिक्षात, ट्रकमध्ये, टेम्पोत इंजिनाच्या आवाजावर गाणं ऐकू यायला हवं होतं. मूळ रेकॉर्डिंगमधला तबला दोन नंबर गिअरमध्येच गायब व्हायचा. झंकारचा ठण ठण ऐकू यायचा. ज्या कामासाठी केलं ते काम त्याने चोख केलं. आता तुम्ही हेडफोन लावून त्याला नापास करताय.

शेंगदाणा:

मी पुढच्या रांगेत जागा धरली आहे. चालू द्या.

मांडवीकाठची:

पणजीहून लिहितेय. तबकडी, तुमचं निरीक्षण बरोबर, पण कारण अर्धंच दिलंत. 'अलबेला' ताजं का वाटतं? कारण ते वाजवणारे लोक ते संगीत रोज रात्री वाजवत होते.

'शोला जो भड़के' नुसतं ऐकू नका, बघा. पडद्यावर झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून जो बँड दिसतो, तो चिक चॉकलेटचा आणि त्याच्या साथीदारांचा. खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, आमच्या गोव्याचा माणूस. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचा, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, आणि सी. रामचंद्रांकडे तो संगीताच्या कामात सहाय्यक होता. पोर्तुगीज अमलात इथल्या चर्चच्या शाळांत पोरांना नोटेशन शिकवायचे. त्यामुळे मुंबईच्या स्टुडिओत ज्यांना स्टाफ नोटेशन लिहिता-वाचता यायचं ते बहुतेक गोंयकार. सेबास्टियन डिसोझा शंकर-जयकिशनकडे अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ बसवणारे होते. अँथनी गोन्साल्विस प्यारेलालचे (लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले) व्हायोलिनचे गुरू. त्यांचं नाव 1977 मध्ये 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात आलं, नाहीतर या लोकांची नावं पडद्यावर यायचीच नाहीत.

म्हणून मला वाटतं प्रश्न माणूस की यंत्र असा नाहीच. वाजवणाऱ्याला ती शैली अंगात भिनलेली होती की त्याने ती रेकॉर्ड ऐकून वरवर उचलली, एवढाच आहे. ऐंशीत आपल्याकडे डिस्कोथेक होती किती? ज्यांनी डिस्को वाजवला त्यातल्या किती जणांनी डिस्कोवर नाचणारी गर्दी पाहिली होती?

मंदसप्तक:

इथे थोडा इतिहास आठवून देतो. आज ज्याला सदाबहार म्हणतो ते तेव्हा काय होतं?

1952 मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमासंगीत जवळजवळ हद्दपार झालं. उथळ आणि पाश्चात्त्यांची नक्कल करणारं, हीच तक्रार होती. लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावला. 'बिनाका गीतमाला' त्याच 1952 मध्ये सुरू झाली. शेवटी 1957 मध्ये सरकारला विविध भारती काढावी लागली. केसकर पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांच्या कानाला 'संडे के संडे' जितकं स्वस्त वाटलं असेल तितकंच तुमच्या कानाला 1985 चं डिस्को वाटतंय.

थोडक्यात, गाणं म्हातारं होण्याआधी त्याचा न्यायाधीश म्हातारा होतो.

तबकडी:

@मंदसप्तक, शेवटचं वाक्य टाळ्यांसाठी आहे, पण फरक बघा. केसकरांचा आक्षेप गाणं नवं असताना होता. माझा आक्षेप ते जुनं झाल्यावरचा आहे. नव्याला नावं ठेवणं सोपं असतं. मी म्हणतेय की चाळणीतून चाळीस वर्षं गेल्यावरही काय खाली उरलं ते बघू.

@मांडवीकाठची, चिक चॉकलेटची माहिती उत्तम. तुमचं म्हणणं मान्य करायला मला अडचण नाही, ते माझ्याच बाजूचं आहे.

मांडवीकाठची:

नाही बाई, तुमच्या बाजूचं नाही. माझ्या हिशेबाने डीएक्स 7 अंगात भिनलेला माणूस मिळाला तर तेही टिकेल.

गिरगावकर:

ताई, एकच प्रश्न. 'नागिन' 1954. 'मन डोले मेरा तन डोले'मधली बीन. देशातली सगळ्यात प्रसिद्ध बीन. वरातीत ती वाजली की कुणीतरी तोंडात रुमाल धरून गारुडी होतो आणि दुसरा जमिनीवर लोळतो, सत्तर वर्षं झाली.

ती बीन नाही. ते क्लॅव्हिओलिन आहे, विजेवर चालणारं कळफलकाचं वाद्य. वाजवलं कल्याणजींनी (कल्याणजी-आनंदजी मधले), सोबत हार्मोनियमवर रवी. संगीतकार हेमंतकुमार. म्हणजे यंत्रातून निघालेला आवाज, आणि तो अजून म्हातारा व्हायचं नाव घेत नाही.

आमच्याकडे कसोटी सोपी आहे. विसर्जनाला बेंजो पार्टी जे वाजवते ते टिकलं. बेंजोवर ना गायक, ना शब्द, ना स्टुडिओ. लालबाग-परळच्या पथकांकडून मी 'अलबेला'ही ऐकलंय, 'नागिन'ही आणि बप्पीदाही (बप्पी लाहिरी). बेंजोवाला साल विचारत नाही.

तबकडी:

क्लॅव्हिओलिनचं उदाहरण मला उलट उपयोगाचं आहे. कल्याणजींनी ते बीनसारखं वाजवलं, सुरांना तसा लचका दिला, त्यासाठी मेहनत घेतली. खोक्यात बीन नव्हती, त्यांनी ती काढली. माझा आक्षेप विजेला नाहीच, न निवडलेल्या आवाजाला आहे. कळ दाबली, आलं ते घेतलं, याला.

आणि बेंजोवर गाणं टिकतं म्हणजे चाल टिकते. शीर्षक पुन्हा वाचा.

नव्वदीचा:

सुरुवातीला 'खोक्यातून निघालेला तयार आवाज' होता, आता 'न निवडलेला आवाज' झाला. संध्याकाळपर्यंत 'मला न आवडलेला आवाज' होईल.

ठेका_चुकला:

मी वाजवणारा आहे, ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आणि कधी कधी कीबोर्ड. त्यामुळे दोन शब्द.

एक, ऑक्टोपॅड आपोआप वाजत नाही हो. त्यावर आठ पॅड असतात आणि ते काठ्यांनी हातानेच वाजवायचे असतात. ठेका माझ्या मनगटातून येतो, खोक्यातून फक्त आवाज येतो. ताई ज्याबद्दल बोलताहेत ते रिदम मशीन, ज्यात पॅटर्न भरून ठेवला की ते वाजत राहतं. दोन्हींना एका माळेत ओवू नका, आमच्या पोटावर पाय येतो.

दोन, डीएक्स 7 बद्दल मात्र ताई बरोबर आहेत. त्यात स्वतःचा आवाज बनवणं भयंकर किचकट होतं. छोटीशी खिडकी, असंख्य आकडे. म्हणून जगभर सगळ्यांनी कारखान्याचेच आवाज वापरले. आळस म्हणा किंवा वेळ नव्हता म्हणा. स्टुडिओचं भाडं तासावर असतं.

तीन, ज्यांना वाटतं यंत्राचा ठेका म्हणजे शिळा ठेका, त्यांनी चरणजित सिंग ऐकावेत. मुंबईच्या सिनेसंगीतात वर्षानुवर्षं साथ केलेले वादक. 1982 मध्ये त्यांनी रोलंडची तीन यंत्रं घेतली: टीआर 808 ठेक्याला, टीबी 303 बेसला आणि ज्युपिटर 8 रागाला. त्यावर दहा राग वाजवून एक रेकॉर्ड काढली. तेव्हा कुणी विचारलं नाही. 2010 मध्ये ती युरोपात पुन्हा निघाली आणि तिकडच्या लोकांनी डोक्याला हात लावला, कारण शिकागोच्या ज्या ॲसिड हाऊस संगीताचा जन्म ते 1987 चा मानायचे, ते थेट त्यासारखं होतं आणि पाच वर्षं आधीचं होतं. चरणजितजी सत्तरीत परदेशांत कार्यक्रम करत फिरले, 2015 मध्ये गेले.

आता सांगा. पूर्ण यंत्राचा ठेका. 1990 ला तो जुना वाटला असता, 2010 ला नवा वाटला. म्हातारपण परत फिरू शकतं.

तबकडी:

चरणजित सिंगांचं सिनेमातलं गाणं नव्हे, तो स्वतंत्र प्रयोग होता. पण मुद्दा वजनदार आहे हे कबूल. तरी बघा, 303 हे बेस गिटारची नक्कल करायला बनवलं होतं आणि त्यांनी त्यातून रागाच्या सरी काढल्या. म्हणजे पुन्हा निवड.

एडिसनवासी:

न्यू जर्सीहून. इथला अनुभव थोडा वेगळा आहे, कारण हॉलिवूडमध्ये गाणं बहुतेक वेळा सिनेमासाठी जन्मत नाही, बाहेरून विकत आणतात. म्हणून ते सिनेमापासून वेगळं म्हातारं होतं. 1967 च्या 'द ग्रॅज्युएट'मध्ये सायमन आणि गारफंकेलची बरीच गाणी आधीच बाजारात होती. 1973 चा 'अमेरिकन ग्राफिटी' तर 1962 ची एक रात्र दाखवतो, त्यात जवळजवळ चाळीस जुनी गाणी भरली आहेत. सिनेमा लागला त्या दिवशीच गाणी जुनी होती, आता आणखी काय जुनी होणार!

डिस्कोची गोष्ट मात्र सगळ्यांना लागू. 'सॅटर्डे नाइट फीव्हर' 1977 चा. दोनच वर्षांत, 12 जुलै 1979 ला, शिकागोच्या कोमिस्की पार्कात बेसबॉलच्या दोन सामन्यांमध्ये डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग रचून स्फोट करून उडवला, लोक मैदानात घुसले, दुसरा सामना रद्द झाला. एवढा राग दुसऱ्या कुठल्या संगीताच्या वाट्याला आला नसेल. त्यावेळी कुणी सांगितलं असतं की 'स्टेइंग अलाइव्ह' पन्नास वर्षांनी प्रत्येक लग्नात वाजेल, तर लोक हसले असते.

आणि तुमच्या साठीतल्या ट्विस्टचं काय झालं तेही सांगतो. 'गुमनाम' (1965) मधलं 'जान पहचान हो' 2001 मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन सिनेमाच्या सुरुवातीला जसंच्या तसं लागतं. इथल्या कितीतरी लोकांना शंकर-जयकिशनचं तेवढं एकच गाणं माहीत असतं. ते त्यांना जुनं वाटत नाही, विचित्र आणि भन्नाट वाटतं.

डॉ_पाचवा_मजला:

'स्टेइंग अलाइव्ह'चं नाव आलंच आहे म्हणून: आम्ही छाती दाबून हृदय चालू करण्याचं प्रशिक्षण देतो तेव्हा हेच गाणं मनात म्हणायला सांगतो. मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं असतं आणि या गाण्याचा ठेका मिनिटाला साधारण 103 पडतो. नवशिके घाईत फार जोरात जातात किंवा दमून मंदावतात, गाणं डोक्यात असलं की लय राहते. नव्या पोरांनी सिनेमा पाहिलेला नसतो, पण गाणं सगळ्यांना येतं. ते म्हातारं कुठलं होतंय, ते सरकारी नोकरीला लागलंय.

एडिसनवासी:

वा डॉक्टर! त्यावर एक भर. त्या गाण्याचा ठेका हा खरा 'वाजवलेला' नाहीच. फ्रान्समध्ये रेकॉर्डिंग चालू असताना ड्रमरला घरच्या कारणामुळे जावं लागलं. मग 'नाइट फीव्हर' या गाण्याच्या ड्रमचा दोन मात्रागटांचा तुकडा टेपवरून कापून त्याचं वेटोळं केलं आणि तेच गाणंभर फिरवत ठेवलं. आणि रेकॉर्डवर ड्रमर म्हणून एक खोटंच नाव छापलं. तबकडीताई, माणूस नसलेला, आपोआप फिरणारा ठेका. पन्नास वर्षं झाली. बोला.

तबकडी:

मूळ तुकडा हाताने वाजवलेला होता आणि शेकडो मात्रागटांतून दोन निवडले. बोलले.

नव्वदीचा:

ताई, तुम्ही वकील असाल तर नंबर द्या.

वऱ्हाडी_ठेचा:

काय भाऊ, एवढी चर्चा झाली अन् आमच्या नागपूरचा माणूस काऊन विसरता? रामलक्ष्मण म्हणजे विजय पाटील. दादा कोंडकेंच्या 'पांडू हवालदार'पासून सुरुवात. जोडीदार राम लवकर गेला तरी नाव दोघांचंच ठेवलं. 'मैंने प्यार किया' 1989 मध्ये आला, त्यात कीबोर्ड भरभरून आहे, ठेकाही त्या काळचाच आहे. वर 'आते जाते'ची चाल स्टीव्ही वंडरच्या 1984 च्या गाण्याची, जे स्वतःच एका सिनेमासाठी केलेलं होतं अन् त्याला ऑस्कर मिळालं होतं. म्हणजे ताईंच्या यादीतले सगळे दोष एकाच पाकिटात. तरी आजही त्या सिनेमातलं कोणतंबी गाणं लावा, पूर्ण बस गाते. याचं उत्तर द्या बाप्पा.

तबकडी:

उत्तर: बालसुब्रह्मण्यम आणि लता.

वऱ्हाडी_ठेचा:

असं असतं तर त्यांची सगळीच गाणी टिकली असती.

सरळवाट:

सगळे आवाजाबद्दलच बोलताय. शब्द आधी म्हातारे होतात, आणि ते वाईट तऱ्हेने होतात.

साधी गोष्ट घ्या. 1949 च्या 'पतंगा'मध्ये नवरा रंगूनहून टेलिफोन करतो. गायलंय शमशाद बेगम आणि स्वतः चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र यांनी. त्या काळात इतक्या दूरचा फोन म्हणजे चैन होती, आणि ब्रह्मदेशात कामधंद्याला गेलेली माणसं घरोघरी होती. आज रंगून नाव बदलून बसलंय, ट्रंक कॉल संपला, तरी गाणं कळतं, कारण गंमत फोनची नाहीच, नवरा दूर आहे याची आहे. पन्नास वर्षांनी 'हसीना मान जायेगी'मध्ये (1999) मोबाईल नंबर विचारणारं गाणं आलं. तेव्हा मोबाईल श्रीमंतांकडे होता, म्हणून नंबर विचारण्यात ऐट होती. आज नंबर विचारण्यात काय आहे? गाण्याखालची जमीनच सरकली. नवी वस्तू गाण्यात घालायला हरकत नाही, पण गाणं फक्त त्या वस्तूच्या नवेपणावर उभं असेल तर वस्तूबरोबर जातं.

दुसरं जास्त गंभीर. रस्त्यात मुलीची वाट अडवणारा नायक, मित्रांची टोळी, तिचा राग म्हणजे होकार. साठीपासून नव्वदीपर्यंत अशी गाणी डझनावारी आहेत, चाली एकाहून एक. मुलीला घेऊन टीव्हीपुढे बसले की यातली बरीच मला ऐकवत नाहीत. ती विचारते, ती नको म्हणतेय ना, मग हा का जात नाही? यावर ना चाल कामाची ना ठेका.

गिरगावकर:

सरळवाटताई, पटतंय. पण बेंजोवर शब्दच नसतात, त्यामुळे अशी गाणी तिथे सुटून जातात. चांगलं की वाईट माहीत नाही.

सरळवाट:

वाईट. शब्द विसरायला लावून चाल जिवंत ठेवणं मला सोयीचं वाटतं, बरोबर नाही.

मंदसप्तक:

पडद्यावरचं दृश्यही धरा. 'याराना' (1981) मधलं 'सारा ज़माना' नुसतं ऐकलं तर किशोरकुमार आणि राजेश रोशन यांचं झकास गाणं आहे. बघायला गेलं तर कोलकात्याच्या नेताजी इनडोअर स्टेडियममध्ये अमिताभ अंगाला दिव्यांच्या माळा लावून नाचतोय. डोळे मिटले की 1981 नाहीसं होतं. म्हणजे बऱ्याचदा आपण गाण्याला नावं ठेवतो आणि चूक कपडेपटाची असते.

नव्वदीचा:

तो लाइटवाला सूट मला आजही हवा आहे.

आता बप्पीदांचं बोलू. 'डिस्को डान्सर' 1982. 'जिम्मी जिम्मी' पार्वती खान यांनी गायलेलं, चाल एका फ्रेंच डिस्को गाण्यावरून, ठेका यंत्राचा, शब्द जवळजवळ नाहीतच. ताईंच्या नियमाने हे 1985 पर्यंत मरायला हवं होतं. झालं काय? सोव्हिएत रशियात पिढ्यांनी ते पाठ केलं. 2007 मध्ये एम.आय.ए. या ब्रिटिश गायिकेने ते नव्याने गायलं. आणि 2022 मध्ये चीनमध्ये लॉकडाऊनमध्ये अडकलेल्या लोकांनी रिकामी भांडी दाखवत त्यावर व्हिडिओ केले, कारण 'जिम्मी' हे चिनी कानाला 'तांदूळ द्या' असं ऐकू येतं. बप्पीदा त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले, त्यांना हे पाहायला मिळालं नाही.

हे गाणं कुणी जपून ठेवलं? कुठल्याही रसिक मंडळाने नाही. ज्यांना नाचायचं होतं आणि ज्यांना ओरडायचं होतं त्यांनी.

मांडवीकाठची:

हा धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद आहे.

तरी बप्पी लाहिरींचं दुसरं कुठलंही डिस्को सोडा आणि 'क़ुर्बानी'चं (1980) 'आप जैसा कोई' ऐका. त्या सिनेमाचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण हे एकच गाणं बिद्दूचं. बंगळूरचा माणूस, लंडनमध्ये राहून 1974 मध्ये 'कुंग फू फायटिंग' जगभर गाजवलेला. गायला घेतली नाझिया हसन, लंडनमध्ये राहणारी शाळकरी मुलगी. पंधराव्या वर्षी तिला फिल्मफेअर मिळालं. त्या गाण्यात एकही वाद्य जास्तीचं नाही. बेस, ठेका आणि तो थोडा नाकातला, अजिबात न सजवलेला आवाज. डिस्को आतून माहीत असलेल्या माणसाने केलं की असं होतं. माझा पहिला मुद्दा मी सोडलेला नाही.

तबकडी:

'आप जैसा कोई' मलाही आजचं वाटतं, आणि ते पूर्ण डिस्को आहे. म्हणजे डिस्को गुन्हेगार नाही हे ठरलं.

एक उदाहरण माझ्याकडून. पंचमला ऐंशीच्या उत्तरार्धात काम मिळेनासं झालं होतं. तेव्हा बाजारात जे चालत होतं ते करून तो परत येऊ शकला असता. '1942: अ लव्ह स्टोरी'त त्याने उलट केलं, मागे गेला, थेट वडिलांच्या काळच्या वाद्यमेळाकडे. 4 जानेवारी 1994 ला गेला, सिनेमा नंतर लागला. त्याच वर्षाच्या आसपासची रॅपची, टेक्नोची गाणी आता ऐका आणि मग हा अल्बम ऐका.

ठेका_चुकला:

ताई, हे उदाहरण उलटं पडतं. तो अल्बम 1994 ला जन्मला तेव्हाच चाळीस वर्षांचा होता. 'अमेरिकन ग्राफिटी'सारखंच. मुद्दाम जुनं केलेलं जुनं होत नाही, यात त्याच्या थोरपणाबद्दल काही नाही, ती युक्ती आहे. धाडस करायचं असेल तर आजचं करा आणि टिकवून दाखवा.

शेंगदाणा:

मग 2016 च्या 'सैराट'चं काय? एकाच सिनेमात दोन्ही आहे. अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन मोठा सिंफनी वाद्यवृंद बसवला, आणि त्याच अल्बममध्ये 'झिंगाट' आहे. तीस वर्षांनी कुठलं उरेल?

नव्वदीचा:

'झिंगाट'. कारण 'कोंबडी पळाली'. 2006 च्या 'जत्रा'तली ती कोंबडी 2012 मध्ये हिंदीत 'चिकनी चमेली' झाली आणि अजून एकही हळद तिच्यावाचून होत नाही.

तबकडी:

'याड लागलं'. वाद लिहून ठेवा.

ठेका_चुकला:

दोन्ही आम्ही दर हंगामात वाजवतो म्हणून सांगतो. 'झिंगाट'ला पहिल्या चार मात्रांतच लोक खुर्च्या सोडतात, गायकाने तोंड उघडायच्या आधी. त्यात आमचं कौतुक काही नाही, पॅडवर बरोबर आवाज लावला की झालं. 'याड लागलं'ला मात्र वांधा होतो. तालुक्याच्या स्टेजवर व्हायोलिनवाले कुठून आणणार? मी कीबोर्डवर स्ट्रिंग्जचं बटण दाबतो, कारखान्याचं, खोक्यातून आलेलं, ताईंना न चालणारं. तो आवाज पत्र्यासारखा येतो हे मलाही कळतं. लोक तरीही पहिल्या ओळीपासून गातात, आणि आमचा गायक बहुतेक वेळा माईक खाली करतो.